निळ्या हेल्मेटचा नंबर

१

“आता थोडंच राहिलंय. तो आला की ती खोली त्यालाच लागणार. पण तिला आत्ताच कशाला सांगायचं?”

हे बोलणं खरं तर मिक्सरच्या घरघरीत विरून जायचं. पण मध्येच वीज गेली, मिक्सर थांबला आणि सासूबाईंचा आवाज मात्र मिक्सरच्या वरच्या पट्टीतच पुढं चालू राहिला. वाळलेल्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून प्रांजली बाहेर बोळात उभी होती. तिला ऐकायचं नव्हतं. पण कपडे दोन्ही हातांत असले की कानांवर हात ठेवता येत नाहीत.

“श्यामला, लाइट गेलेत. हळू,” आतून सासऱ्यांचा आवाज आला.

मग नुसता खोबऱ्याच्या चटणीचा वास.

पाय न वाजवता ती खोलीत आली आणि घड्या घालत बसली. ‘ती’ म्हणजे आपण, यात शंका नव्हती. घरात दुसरी ‘ती’ नव्हती. खोली म्हणजे हीच. लग्न होऊन या घरात आल्यावर तिला मिळालेली, पूर्वेच्या खिडकीची. आणि ‘तो’ म्हणजे कोण, हेही तिला विचारावं लागलं नसतं. या घरात नाव न घेता ‘तो’ म्हटलं की एकच माणूस. आशय, तिच्या नवऱ्याचा, शुभंकरचा, थोरला भाऊ. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी स्कूटर घेऊन बाहेर पडला आणि परत आला नाही. पोलीस झाले, पत्रकं झाली, ओळखीचे झाले. स्कूटरही सापडली नाही.

आईनं मुलाची वाट बघावी, यात वेगळं काहीच नव्हतं. प्रांजलीला खटकलं ते निराळंच. सासूबाईंच्या आवाजात आशा नव्हती. नागपूरहून पार्सल निघालंय, एक-दोन दिवसांत पोचेल, हे सांगतानाची खात्री होती.

२

नेरळेकुंटे हे गाव बेंगळुरूत आहे की नाही, हे विचारणाऱ्यावर अवलंबून असे. महादेवपुऱ्याच्या ऑफिसात शुभंकर सांगायचा, “येलहंक्याला राहतो.” येलहंक्याची माणसं म्हणायची, ते कुठं आलं येलहंक्यात, ते तर पार पुढं. आणि गावातली माणसं शहराला ‘बेंगळुरू’ म्हणायची ती हात लांब करून, जणू ते दुसऱ्या राज्यात होतं.

पद्मनाभअण्णा, म्हणजे तिचे सासरे, सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि द्राक्षांच्या मळ्यांना लागून त्यांनी हे घर बांधलं. त्यांचं घराणं आजोबांपासून बेंगळुरूतलं. घरात मराठी अशी की मध्येच कन्नड ‘सरी’, मध्येच ‘स्वल्प’. नवी सून नागपूरची. पहिल्या आठवड्यात सासूबाई “स्वल्प वाढ” म्हणाल्या, तेव्हा तिनं हा कुठला पदार्थ म्हणून सगळी पातेली उघडून पाहिली होती. थोडं वाढ, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

गावात पेट्रोल पंप नव्हता, बस नावापुरती होती, म्हणून घरोघरी विजेच्या स्कूटर आल्या. पण घरच्या विजेला दाब नव्हता. स्कूटर लावली की पंखा दमायचा, पंखा लावला की फ्यूज उडायचा. चांगली लाइन फक्त दूध डेअरीला, कारण तिथं दूध थंड ठेवायचं यंत्र. म्हणून अख्ख्या गावाचा चार्जिंगचा एकच डबा डेअरीच्या भिंतीवर.

आणि त्या डब्यासमोरच्या कट्ट्यावर हेल्मेटांची रांग.

डेअरीत पूर्वीपासून अशीच पद्धत. माणसानं रांगेत उभं राहायचं नाही. आपला दुधाचा कॅन ठेवायचा आणि घरी जायचं. पुढचा माणूस आपला कॅन सरकवताना तुमचाही सरकवतो. कुणी कुणाचा नंबर खात नाही. तीच रीत चार्जिंगला आली. कॅनच्या जागी हेल्मेट आलं, इतकंच. ज्याची गाडी उद्यापुरती भरली त्याची काढायची, पुढच्या हेल्मेटवाल्याची लावायची. मालक हजर असायचीही गरज नाही.

त्या रांगेत रोज एक निळं हेल्मेट असे. काच खाली ओढलेलं, बाजूला ओरखडा. आशयचं जुनं. गावात पहिली विजेची स्कूटर त्यानं आणली तेव्हा लोक हसले होते. चार्जिंगला त्याला येलहंक्यापर्यंत जावं लागायचं. गावात डबा बसावा म्हणून त्यानंच ऑफिसांचे उंबरे झिजवले. एक दिवस बॅटरीत जेमतेम जीव असताना “येलहंक्याला लावून येतो” म्हणून निघाला, तो निघालाच. महिन्याभरानं डबा बसला. डेअरी सांभाळणारा नरसिंहअण्णा त्या दिवशी आशयचं हेल्मेट घरून मागून घेऊन गेला आणि रांगेत सगळ्यांत पुढं ठेवलं. “अवनिंदाने बंतु,” तो म्हणाला. त्याच्यामुळंच आलं, नंबर त्याचा.

दुसऱ्या दिवशी ते हेल्मेट उचलून घरी न्यायला कुणाचा हात धजला नाही. मग ती रीतच पडली. दिवेलागणीला निळ्या हेल्मेटचा नंबर. तेवढा वेळ डबा कुणी वापरायचा नाही.

लग्नानंतर हे ऐकलं तेव्हा प्रांजलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गाव आवडलं ते तेव्हापासून.

३

घरचे तिघं रोज दिवेलागणीला डेअरीवर जात. प्रांजली देवापाशी दिवा लावायला मागं राही. मिक्सरच्या त्या प्रसंगानंतर ती म्हणाली, “आज मीही येऊ?”

“ये की,” सासूबाई म्हणाल्या. “तुला कोण परकं समजतंय?”

त्या संध्याकाळीही वीज गेलेली होती. त्यांना येताना पाहून कट्ट्यावरची माणसं आपापल्या घरी निघाली. शेजारची सौम्या आपली स्कूटर डब्यापासून काढत होती. तिची नेहमीची बडबड आज नव्हती. “बरतीनि, अक्का,” म्हणून प्रांजलीचा निरोप घेतला आणि गाडी सुरूही न करता ढकलत नेली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही.

पद्मनाभअण्णांनी निळं हेल्मेट उचलून डब्याखाली ठेवलं. चार्जिंगची जाड वायर सोडवली आणि तिचं टोक हेल्मेटवर अलगद टेकवलं. मग सगळे कट्ट्यावर बसले.

आणि डब्यात ‘खट्ट’ झालं. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. छोट्या पडद्यावर बॅटरीचं चित्र आलं, आत आडव्या पट्ट्या, खालून बऱ्याच वरपर्यंत भरलेल्या.

“वीज तर नाहीये,” प्रांजली हळूच शुभंकरला म्हणाली.

“अं? हां. आत बॅकअप असेल.”

तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. घरातला टोस्टर, शेजाऱ्यांचा पंप, देवळाचा भोंगा, काहीही बिघडलं की स्क्रू-ड्रायव्हर घेऊन धावणारा माणूस. ते डब्याकडं बघतसुद्धा नव्हते. समोर अंधारत चाललेल्या मळ्याकडं बघत ते बोलायला लागले.

“आशय सातवीत असेल. माझा रेडिओ खोलला पठ्ठ्यानं. मी कामावरून आलो तर सगळा रेडिओ चटईवर. मी काही बोललो नाही. म्हटलं, जोड आता. रात्री जेवणाआधी जोडला. एक स्क्रू उरला. आणि रेडिओ आधीपेक्षा चांगला वाजायला लागला हो! म्हटलं, गाढवा, इंजिनिअर मी की तू? तो म्हणतो, अण्णा, कारखान्यातलेही थोडे काढून बघा.”

सगळे हसले. सासूबाई पदरानं डोळे पुसत हसल्या. तो स्क्रू अण्णांच्या टेबलावर पितळी तबकडीत अजून होता, प्रांजलीनं धूळ पुसताना पाहिला होता. इतकं सुंदर हसू या घरात तिनं पहिल्यांदा ऐकलं. डबा मंद गुणगुणत होता. तिनं सहज वायरीला हात लावला. वायर कोमट होती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी हाक मारली. “प्रांजली, हे बघ गं. तुझ्या लॅपटॉपचा पडला का हा?”

त्यांच्या तळहातावर तो स्क्रू होता.

ती हसली. काल हसलो त्याचाच पुढचा भाग असेल असं तिला वाटलं. “अण्णा, हा तर रेडिओचा.”

“कुठल्या रेडिओचा?”

त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. नव्या सुनेला हळू सांगावं तसं ते म्हणाले, “आपल्याकडं रेडिओ कधी नव्हताच.” स्क्रू त्यांनी भंगाराच्या डब्यात टाकला. खण्णकन आवाज झाला आणि ते शीळ घालत अंघोळीला गेले.

वय झालं, असं प्रांजलीनं स्वतःला सांगितलं. ती घरून एका पुण्याच्या कंपनीसाठी काम करायची. लोकांच्या तक्रारींना गोड उत्तरं लिहायची. ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ कारण माहीत नसताना समजूत कशी घालायची, यात तिचा हात बसलेला होता. स्वतःची समजूत तिनं अशीच घातली.

पुढं एका संध्याकाळी सासूबाईंनी आंब्याची गोष्ट सांगितली. आशय लहानपणी चोखलेली प्रत्येक कोय पुरायचा. कुंडीत, गटाराशेजारी, एकदा तर पाहुण्यांच्या बुटात. हे घर बांधलं तेव्हा तो चांगला घोडा झाला होता, पण पहिल्या उन्हाळ्यात इथंही त्यानं कोय पुरली. तेवढी एकच उगवली. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरचं झाड ते. सांगताना सासूबाईंचा आवाज इतका मऊ झाला होता की प्रांजलीला आपल्या आईची आठवण आली.

सकाळी त्या खिडकीपाशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. “हे झाड इथं कुणी लावलं कोण जाणे. ऊनच येत नाही आत. नरसिंहअण्णाला सांगून काढून टाकायला हवं.”

प्रांजलीच्या हातातली पळी तशीच राहिली.

“आई, काल तुम्ही सांगितलंत ना... भावजींनी कोय पुरली होती...”

“आशयनं?” त्या कौतुकानं हसल्या. शेजारच्या मुलाचं कौतुक ऐकून हसावं तशा. “असेल गं. पोरं करतात असं काहीबाही.”

तिनं सगळी गोष्ट पुन्हा सांगून पाहिली. बूट, गटार, पाहुणे. सासूबाईंनी चिंच कोळत ऐकून घेतली, योग्य जागी हसल्या आणि म्हणाल्या, “छान सांगतेस तू.”

५

घरात कुणी दुःखी नव्हतं, हीच पंचाईत होती.

उलट घर दिवसेंदिवस हलकं होत होतं. अण्णांची शीळ थांबेना. सासूबाईंनी गुडघेदुखीचं नाव काढणं सोडलं. शुभंकर पूर्वी झोपेत दचकायचा, ‘दादा, थांब’ म्हणायचा. आता सकाळपर्यंत कूस न बदलता झोपायचा. जे आठवून माणूस जळतो ते गेलं तर वाईट काय, असं प्रांजलीच्या मनात यायचं. मग ती भिंतीवरच्या फोटोकडं बघायची. आशय हसत होता. त्या फोटोखालून तिघं दिवसातून कितीदा जायची. आता कुणाची मान वर होत नसे.

आणि दिवेलागणीला तिघं न चुकता निघायची. देवदर्शनाला निघावं तसं. नेहमीचं, काटेकोर.

गोष्टी तर सुरेख असत. सायकलच्या नळीवर धाकट्याला बसवून, बस कंडक्टरसारखं “मॅजेस्टिक, मॅजेस्टिक” ओरडत दोघं क्वार्टर्सभर फिरायचे. उगादीला कडुलिंब-गूळ खाताना आशय भावाच्या वाटचा कडुलिंब खाऊन आपला गूळ त्याला द्यायचा. पहिल्या पगारात त्यानं आईला साडी आणली ती परदेशी पाहुणीनं नेसावी अशी, आणि सासूबाई ती नेसून सगळ्या गल्लीतून मिरवल्या होत्या. कट्ट्यावर बसून ऐकताना प्रांजलीला वाटायचं, आपण या माणसाला ओळखतो. कधी न पाहिलेल्या दिराची तिलाच आठवण यायची.

सकाळी त्यातलं काही उरलेलं नसे. तिघांपैकी कुणी सांगितली याला महत्त्व नव्हतं. ऐकणाऱ्या दोघांचीही जायची. तिची मात्र जात नव्हती. तिनं ऐकलेली होती, जगलेली नव्हती, म्हणून असेल.

गोष्टीगणिक पडद्यावरच्या पट्ट्या वर सरकत होत्या. आणखी एक गोष्ट तिनं पाहिली होती, पण ती मनाशीही नीट मांडायचं टाळत होती. अण्णा हेल्मेट ठेवायचे ते रस्त्याकडं तोंड करून. उठताना ते, ज्यानं गोष्ट सांगितली त्याच्याकडं तोंड करून असायचं.

वायरीच्या ओझ्यानं फिरत असेल. जाड वायर आहे.

एकदा भाजी निवडत तिनं सौम्याला सहज विचारलं, “तुम्ही लोक आम्ही आलो की उठून का जाता हो?”

सौम्यानं निवडलेल्या शेंगा बाजूला सरकवल्या. मग आपल्या हिंदी-कन्नड-मराठीच्या खिचडीत म्हणाली, “पहिले आम्ही पण बसायचे, अक्का. आशयण्णाची गोष्ट आम्ही पण सांगायचे. मी त्याच्यापाशीच गाडी शिकली, असं माझी अम्मा बोलते.” तिनं मान हलवली. “मला नाही माहीत. मी कुठे शिकली, मला नाही माहीत.”

६

त्या दिवशी कट्ट्यावर अण्णांना काही सुचेना. सासूबाईंनाही. डबा गुणगुणत होता, दिवा लुकलुकत होता, आणि दोघं खिसे चाचपणाऱ्या माणसांसारखी एकमेकांकडं बघत होती.

“मी सांगतो,” शुभंकर म्हणाला. प्रांजलीकडं बघून लाजत हसला. “हिला पहिल्यांदा भेटलो ना मल्लेश्वरमला, त्याची.”

तिच्या लक्षात यायला क्षणभर उशीर झाला.

“मी ठरवून गेलो होतो, आवडीनिवडी विचारायच्या, नोकरीचं विचारायचं. आणि बसल्याबसल्या दादाबद्दलच बोलायला लागलो. थांबताच येईना. कॉफीवर साय धरली. मला वाटलं, ही आता उठून जाणार. तर ही म्हणते—”

“शुभंकर, राहू दे,” ती पुटपुटली. आवाज इतका बारीक की डब्याच्या गुणगुणीत बुडाला.

“—ही म्हणते, दुसरी कॉफी मागवा, तुमचे भाऊ अजून कॉलेजातच आहेत.”

अण्णा खदखदून हसले. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला तो दिवस जसाच्या तसा आठवत होता. त्याचे हलणारे हात, टेबलावर सांडलेली साखर, आणि आपल्याबद्दल एकही प्रश्न न विचारणाऱ्या या माणसाशीच लग्न करायचं हे तिचं ठरलेलं. ज्याला दुसऱ्याची इतकी आठवण येते, तो आपल्यालाही विसरायचा नाही, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

सकाळी तो बुटांच्या नाड्या बांधत होता. तिनं आवाज सहज ठेवला. “आपण पहिल्यांदा कुठं भेटलो रे?”

“लग्नात,” तो म्हणाला आणि हसला.

“त्याच्या आधी.”

तो विचार करू लागला. समारंभात भेटलेल्या नातेवाइकाचं नाव आठवेना की माणूस जसं हसतो, तसं हसू त्याच्या तोंडावर होतं. सभ्य. “घरच्यांनीच ठरवलं असेल ना आपलं?” मग तिचा चेहरा पाहून तो गडबडला. “का? काय झालं? काही चुकलं का माझं?”

तिनं त्याची बॅग त्याच्या हातात दिली. तो गेला. बसच्या वळणापर्यंत त्यानं दोनदा मागं वळून हात केला. नव्या पाहुणीला बरं वाटावं म्हणून करतात तसा.

स्वयंपाकघरात सासूबाई दळलेल्या पिठात हात घालून उभ्या होत्या. तिच्याकडं न बघता त्या म्हणाल्या, “मला कळत नाही असं समजू नकोस. काहीतरी जातंय. सकाळी उठलं की जीभ पडलेल्या दाताच्या जागी जाते ना, तसं वाटतं.” त्यांनी पीठ कालवलं. “जाऊ दे. आठवणी घेऊन काय करायचंय? तो आला की तोच सांगेल सगळं.”

“आणि शुभंकर?” तिला विचारायचं होतं. पण त्या पिठाच्या पांढऱ्या हातांकडं बघून तिला विचारवेना.

७

त्या संध्याकाळी तिनं शुभंकरला घरी ठेवायचा प्रयत्न केला. डोकं दुखतंय म्हणाली. तो बाम घेऊन आला, कपाळाला लावून दिला, आणि चपला घातल्या. “दादाचा नंबर आहे ना. पटकन येतो.” मग ती डोकेदुखीसकट त्याच्या मागोमाग निघाली.

आकाशात उजेड अजून होता. द्राक्षांच्या मळ्यावर धूर तरंगत होता, कुणीतरी पाचोळा पेटवला होता. कट्टा रिकामा. अण्णांनी वायर हेल्मेटवर टेकवली. खट्ट. पडद्यावर एकच पट्टी मोकळी होती, अगदी वरची.

अण्णांनी घसा साफ केला. “आशय ना... आशय एकदा...”

पुढं काही आलं नाही. ते पुन्हा म्हणाले, “आशय एकदा,” आणि त्यांचा चेहरा कोऱ्या भिंतीसारखा झाला. सासूबाईंचे ओठ हलले आणि मिटले. या दोघांकडं आता फक्त नाव उरलं होतं.

गुणगुण वाढली. वायर ताणल्यासारखी हलली. प्रांजलीनं हेल्मेटकडं पाहिलं आणि मग तिला नजर काढता येईना. काच आतून धुरकट झाली होती. थंडी नव्हती, पाऊस नव्हता. ते धुकं पसरलं, विरलं, पुन्हा पसरलं. संथ, एका लयीत. दमून आलेला माणूस दाराबाहेर थांबून श्वास घेतो, तसं.

“शुभू,” सासूबाई कुजबुजल्या, “तुझ्याकडं आहे का रे काही?”

“लग्नातली आहे.” तो चाचपडत होता. कपाळाला आठ्या घालून, डोळे मिटून. “लग्नात दादासाठी खुर्ची ठेवली होती. ठेवली होती ना, अण्णा? की... मांडवात कुठं होती ती? मी काय केलं होतं तेव्हा?” त्यानं डोळे उघडले आणि तिच्याकडं वळला. त्याच्या नजरेत विश्वास होता, तोच मल्लेश्वरमचा, फक्त त्याला आता तो कुठला ते ठाऊक नव्हतं. “मला नीट लागत नाहीये गं. तू सांग ना. तू सुरुवात करून दिलीस की मला येईल. तुला सगळं आठवतं.”

तिला आठवत होतं. मांडवाच्या डाव्या अंगाला लाल गादीची खुर्ची, तिच्यावर फेटा ठेवलेला. अंतरपाट धरलेला असताना बाजूच्या फटीतून तिनं चोरून पाहिलं होतं. शुभंकर तिच्या दिशेला बघत नव्हता, त्या खुर्चीकडं बघत होता. मग अंतरपाट खाली आला आणि त्यानं मान वळवली. तेच ओले डोळे घेऊन त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि हळूच म्हणाला, “बरं झालं तू आहेस.” अक्षतांच्या गोंगाटात ते तिला एकटीलाच ऐकू गेलं होतं.

तिनं तोंड उघडलं की ते त्याला आठवणार होतं. आणि मग जाणार होतं.

वायर सरकली. हेल्मेट फिरताना तिनं या वेळी डोळ्यांनी पाहिलं. सावकाश, सिमेंटवर घासत, ते तिच्याकडं वळलं. काच पांढरी झाली. मग आतल्या बाजूनं, डोळ्यांच्या उंचीवर, बोटाएवढी एक रेघ पुसली गेली.

त्या रेघेतून तिला जे दिसलं ते फोटोतल्यासारखंच होतं. हसणारं. त्याच्याबद्दल तिला इतकं ठाऊक होतं, त्याची कोय, त्याचा गूळ, त्याचा उरलेला स्क्रू, की क्षणभर तिला माया दाटून आली. सगळं सांगून टाकावं असं वाटलं. गावात तेवढी एकटीच उरली होती, जिच्यापाशी हा माणूस पुरता शिल्लक होता. आणि ते हसू तिच्याकडं त्याच नजरेनं बघत होतं, ज्या नजरेनं बॅटरी उतरलेले लोक त्या भिंतीवरच्या डब्याकडं बघतात.

“सांग गं बाळा,” सासूबाईंनी तिचा हात धरला. “एवढी एकच. मग तो आलाच.”

“सांग,” अण्णा म्हणाले.

“सांग ना,” शुभंकर म्हणाला.

प्रांजलीनं सासूबाईंचा हात सोडवला नाही. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, त्याचा चेहरा कसा होईल ते आधीच माहीत असताना. या घरात आल्यापासून तिचा आवाज कधी चढला नव्हता, आताही चढला नाही. पण तो डब्याच्या गुणगुणीच्या वर, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असा लागला.

“मला नाही आठवत,” ती म्हणाली. “आपल्या लग्नातलं मला काहीसुद्धा आठवत नाही.”